स्वर्गारोहणाच्या रविवारचा खोकला

आमच्या कांजूरच्या गावठाणात टीबीला अजूनही कुणी टीबी म्हणत नाही. ‘छातीचं आहे’ म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली घेतात. मला छातीचं झालं होतं. सहा महिने गोळ्या घेऊन मी बरा झालो. गेल्या महिन्यात फादरांनी विचारलं, जे अजून लपवून बसलेत त्यांच्यासाठी दोन पानं लिहाल का? मी हो म्हणालो. त्यांना बहुतेक वाटलं असेल, की मी धीर कसा धरला, प्रार्थनेने कसा तरलो, असं काही लिहीन. तसं मला लिहिता येणार नाही. आजारी पडलो ही माझी चूक नव्हती. त्यानंतर जे केलं ती माझी होती, आणि सांगायचं आहे ते तेच.

माझं नाव फेलिक्स. वय त्रेपन्न. मुलुंडच्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू कसा दिसतो हे पंचवीस वर्षं मुलांना दाखवतो आहे, त्यामुळे ‘मला कळलं नाही’ म्हणायची सोय मला नाही. चर्चमध्ये मी मराठी मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, बायबलचं वाचन करायचो. मिस्सा संपली की जी म्हातारी, अंथरुणाला खिळलेली माणसं चर्चला येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जायचो. शर्टाच्या खिशात एक छोटी सोनेरी डबी, तिच्यात प्रसादाची भाकर; ती भाकर म्हणजे साक्षात येशू, असं आम्ही मानतो. ती जवळ असताना वाटेत कुणाशी बोलायचं नाही, चहाला थांबायचं नाही, सरळ त्या घरी जायचं, अशी आमची रीत. मला येताना पाहून लोक बाजूला व्हायचे, काही जण छातीवर क्रुसाची खूण करायचे. हा मान माझा नाही हे मला माहीत होतं. तरी दर रविवारी तेवढं अंतर चालताना तो थोडासा माझाच वाटायचा.

*

खोकला सुरू झाला उपासाच्या दिवसांत. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आम्ही मांस सोडतो, काही जण एकवेळ जेवतात. मी दरवर्षी एकवेळ जेवायचो. त्या वर्षी पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. गाल बसले. भूकच लागत नव्हती, म्हणून ताट पुढे सरकवून उठायचो. संध्याकाळी अंगात कणकण असायची.

चर्चच्या अंगणात बायका ग्रेसीला, म्हणजे माझ्या बायकोला म्हणायच्या, तुझ्या नवऱ्यासारखा उपास कुणाला जमत नाही बघ. एका मित्राने खांद्यावर हात ठेवला. “फेलिक्स, तू तर साधू झालास यार.” मी मान खाली घालून हसलो. त्याला वाटलं, केवढा हा नम्रपणा.

माझा आजार लोकांना माझी भक्ती वाटला, आणि मी तो तसा वाटू दिला. मागे वळून बघितलं की सगळ्याचं मूळ मला या एका हसण्यात दिसतं. एकदा साधू झाल्यावर दवाखान्यात जाऊन ‘खोकला जात नाही, वजन उतरतंय’ असं सांगायचं कसं?

ग्रेसी मात्र भुलली नाही. ईस्टर होऊन महिना उलटल्यावर तिने विचारलं, उपास तर संपला, आता कसला बारीक होतोस? मी म्हणालो, धूळ आहे, डम्पिंगची हवा आहे. गावठाणाजवळच शहराच्या कचऱ्याचं डम्पिंग आहे, त्यामुळे आमच्याकडे कशालाही हे उत्तर चालतं.

*

रोझाबाय आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. एक्याऐंशी वर्षांची, एकटी. गुडघे गेलेले, पलंगापासून खिडकीपर्यंत काठी टेकत येते तेवढंच. कान तर गुडघ्यांच्याही आधी गेले. शाळेत कधी गेली नाही, त्यामुळे वाचता येत नाही. प्रसाद द्यायच्या आधी त्या दिवसाचं शुभवर्तमान मी तिला वाचून दाखवायचो. ते ऐकू जावं म्हणून पलंगावर तिला खेटून बसायचं, तोंड अगदी कानाशी न्यायचं आणि ओरडून वाचायचं. खिडक्या बंद. सकाळी वारा फिरला की डम्पिंगचा वास थेट घरात येतो, म्हणून तिच्या खिडक्या वर्षभर बंदच असायच्या. त्या बंद खोलीत तिच्या गालापासून वीतभर अंतरावर मी दर रविवारी पंधरा-वीस मिनिटं वाचत होतो, आणि मध्ये मध्ये खोकत होतो.

मास्क लावावा असं एकदा मनात आलं होतं. पण प्रभूला घेऊन जाताना तोंड बांधून जायचं? जो खिशात आहे तो बघून घेईल, असं उत्तर मीच मला दिलं. याला मी श्रद्धा म्हणत होतो.

रोझाबाय मोठी थट्टेखोर. पुढच्या रविवारी येशूच्या स्वर्गारोहणाचा सण आहे, हे मी तिला सांगत होतो. मेलेल्यातून उठल्यावर तो चाळीस दिवस शिष्यांना भेटत राहिला आणि मग वर गेला, असं म्हणालो.

“वर गेला? म्हणजे परत मेला?”

आपल्याकडे कुणी वर गेला म्हणजे मेलाच, त्यामुळे तिची चूक नव्हती. मी कानात ओरडलो, मेला नाही, जिवंत गेला, शरीरासकट गेला.

“शरीरासकट? मग गुडघे पण घेऊन गेला असंल,” ती म्हणाली. “नशीबवान हाय. माजे इथंच राहतील.” पोटभर हसून झाल्यावर तिने विचारलं, “पण आपल्याला सोडून तर गेला ना रे?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. सोडून नाही गेला, आपल्यासाठी जागा करायला गेला. आपलं खरं घर वर आहे, नजर वर ठेवायची. चर्चच्या पत्रिकेत त्या सणासाठी मी हेच लिहिलं होतं. लेखाचं नाव होतं ‘नजर वर ठेवू या’.

*

त्याच आठवड्यात ग्रेसी मला जवळजवळ ओढत दवाखान्यात घेऊन गेली. थुंकी तपासायला दिली. शनिवारी दुपारी मोबाईलवर मेसेज आला. न उघडता लॅबचं नाव दिसत होतं आणि ‘आपला अहवाल’ एवढे दोन शब्द.

मी तो उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सण होता. वाचन माझं होतं, पत्रिकेत लेख माझा होता, रोझाबाय वाट बघत होती. मेसेज उघडला नाही तर मला काही माहीत नाही, आणि माहीत नाही तर पाप नाही, असं मी मनाशी जुळवून घेतलं. ग्रेसीने विचारलं तेव्हा म्हणालो, सोमवारी येईल.

रविवारी मी वाचलं. शिष्य आकाशाकडे टक लावून बघत राहिलेत आणि पांढऱ्या कपड्यांतले दोघे त्यांना विचारतात, इथे वर बघत काय उभे राहिलात, तो भाग. मी चांगलं वाचलं, खोकला दाबून वाचलं. मग डबी घेऊन रोझाबायकडे गेलो, तिच्या कानाशी बसलो. अर्ध्यावर अशी उबळ आली की रुमाल तोंडाला लावावा लागला. रुमालावर लाल डाग होता. मी पाठ फिरवून तो खिशात कोंबला. ज्या खिशात डबी होती त्याच. मग तिला प्रसाद दिला.

दुपारी घरी मोरीत रक्ताची गुळणी पडली. ग्रेसीने माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि मेसेज उघडला. वर शनिवारची वेळ होती. ती उठली आणि पिशवीत माझे कपडे भरायला लागली.

*

रक्त थांबेपर्यंत मला रुग्णालयात ठेवलं. तिथला दिवस सकाळी सहाला सुरू होई. सिस्टर पलंगाच्या दांड्यावर पेनाने टकटक करत. वजन, ताप, मग गोळ्या. त्यांच्यासमोर गिळायच्या आणि तोंड उघडून दाखवायचं. पहिल्या दिवशी लघवी नारिंगी झालेली बघून मला ते रक्तच वाटलं. शेजारच्या खाटेवरचा सावंत म्हणाला, “घाबरू नको रे, रगत न्हय ता. गोळ्यांचो रंग.” सावंत मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते, तो माहुलला राहतो आणि टेम्पो चालवतो. तो माझ्या आधी आठवडाभर आला होता, म्हणून वॉर्डात माझा थोरला.

चांगल्या गोष्टीही होत्या, त्या सांगायला हव्यात. नऊच्या सुमाराला व्हरांड्यात ऊन यायचं आणि आम्हाला खुर्च्या टाकून बसू द्यायचे. एक सिस्टर ताप बघायला यंत्र असूनही आधी कपाळाला हात लावायची. आजारी माणसाला कुणी न घाबरता हात लावणं हे केवढं मोठं आहे, ते हात लागेनासे झाले की कळतं.

दुसऱ्याच दिवशी पालिकेच्या शिंदेबाई वही घेऊन आल्या. गेल्या तीन महिन्यांत बंद खोलीत तुम्ही कुणाकुणाबरोबर बसलात, सगळी नावं सांगा, म्हणजे त्यांना तपासता येईल. मी सांगितली. ग्रेसी. बोरिवलीला दिलेली मुलगी अनिता, जावई, त्यांचं चार महिन्यांचं बाळ. कॉलेजातले दोघे. “आणखी कुणी? चर्चला जाता ना?” चर्च मोठं आहे, पंखे आहेत, मी म्हणालो. रोझाबायचं नाव ओठांपर्यंत येऊन परत गेलं.

स्वतःच्या नातीचं नाव सांगताना मला काही वाटलं नाही. आजोबा नातीला जवळ घेतो, त्यात लपवण्यासारखं काय? पण रोझाबायचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तिच्याकडे कशासाठी जात होता? आणि त्याचं उत्तर दिलं असतं तर माझं साधूपण तिथेच त्या वहीत संपलं असतं. म्हणून एक्याऐंशी वर्षांच्या बाईला मी त्या बंद खोलीत तशीच सोडून दिलं.

अनिताचा फोन आला. बाळाची तपासणी झाली, काही निघालं नाही, तरी खबरदारी म्हणून औषध सुरू केलं होतं. “पप्पा, मी बाळाच्या बाप्तिस्म्याला सांगत होते ना, डॉक्टरकडे जा म्हणून,” एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

*

माझ्या उशाशी क्रूस होता. सावंतने एकदा व्हरांड्यात विचारलं, तुमचा आता कुठला सण झाला? मी त्याला स्वर्गारोहण समजावलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

“तुमचो देव वर गेलो,” तो म्हणाला, “मग खाली कोण बघता?”

हा प्रश्न मी धर्मशिक्षणाच्या वर्गात शंभर वेळा घेतला असेन. उत्तर पाठ आहे: आपण. तो गेला आणि आपलं काम आपल्या हाती सोपवून गेला. आता आजाऱ्याला उचलायला हात आपले, भुकेल्याकडे जायला पाय आपले. मी सावंतला हे सांगायला तोंड उघडलं आणि अर्ध्यावर थांबलो, कारण माझ्या हातांनी काय नेलं होतं ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. बाकीचं कसंबसं पुरं केलं. सावंत म्हणाला, “मगे काम नीट करूक व्हया.”

तो हे सहज बोलला. त्याने स्वतः रुग्णालयात येण्यापूर्वी चाळीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगितलं होतं, मला टीबी आहे, तुम्ही तपासून घ्या. दोन घरांनी त्याच्या बायकोला नळावर यायची बंदी केली. “करूदेत,” तो म्हणाला, “लपवून काय करतलंस?”

आमच्या चर्चमध्ये बाजूच्या भिंतीवर स्वर्गारोहणाचं एक जुनं चित्र आहे. वर ढग, खाली तोंड वर केलेले शिष्य, आणि ढगाखाली येशूचे फक्त दोन पाय. लहान मुलं ते बघून हसतात, मीही लहानपणी हसलो आहे. वॉर्डात पडल्या पडल्या मला ते चित्र आठवलं, आणि त्या तळव्यांवर चित्रकाराने खिळ्यांची भोकं काढली आहेत हे आठवलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं बघतो आहे. अर्थ कधी विचारला नव्हता.

तो मरणातून उठला होता. त्याला नवं, नितळ शरीर घेता आलं नसतं का? पण तो जखमांसकट उठला आणि जखमांसकट वर गेला. जाताना हात उंचावून त्याने आशीर्वाद दिला असं शुभवर्तमानात आहे. म्हणजे शिष्यांनी त्याचं शेवटचं काही पाहिलं असेल तर ते भोकं पडलेले तळहात. त्याने ते झाकले नाहीत. मी आयुष्यभर शिकवलं होतं, की स्वर्गारोहण म्हणजे इथली घाण खाली टाकून वर जाणं. ते उलट आहे, असं मला आता वाटतं. माणसाचं भोसकलेलं शरीर आज देवाच्या उजव्या हाताला बसलं आहे, असं आपण मानतो. हे खरं असेल, तर आपल्या शरीराचं असं कुठलं दुखणं उरतं जे लपवूनच देवासमोर उभं राहावं लागेल?

या विचाराने मला आधार वाटला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला लाज वाटली. तो हात उघडे करून गेला होता, आणि मी त्याच्याच डबीला चिकटवून रुमाल लपवला होता.

*

शुक्रवारी भेटीच्या वेळेला ग्रेसी मऊ भात आणि बोंबलाचं कालवण घेऊन आली. डबा उघडता उघडता म्हणाली, रोझाबाय रोज तुझ्यासाठी रोजरीची माळ म्हणते. खुणेने विचारते, कधी येणार. तीच हल्ली फार खोकते.

मी तेव्हा तिला सगळं सांगितलं. यादीचं, रुमालाचं, कोणत्या खिशात ठेवला तेही.

तिने डब्याचं झाकण परत लावलं. मग म्हणाली, “तू देव घेऊन जात होतास की खोकला?”

तिने मोबाईल काढला, शिंदेबाईंचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. “तू बोल. मी नाही बोलणार.”

मी नाव सांगितलं, रविवार किती ते सांगितलं. शिंदेबाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “वय काय त्यांचं?” आणि लिहून घेतलं.

रोझाबायच्या छातीच्या फोटोत डाग निघाला. थुंकीतही जंतू निघाले. तिला गोळ्या सुरू झाल्या.

*

तिसऱ्या आठवड्यात मी घरी आलो. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकवल्या नाहीत तर आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही. रोझाबायबद्दल विचारलं तर म्हणाले, कुणाचं कुणाला गेलं हे सांगता येत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या छातीत जुना जंतू झोपलेलाही असतो. गल्लीत तर निकाल लागूनच गेला होता: डम्पिंगच्या हवेने झालं. रोझाबाय स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होती. म्हणजे मला बाहेर पडायला दोन वाटा तयार होत्या, एक डॉक्टरांनी दिलेली आणि एक गल्लीने. ग्रेसी आणि शिंदेबाई सोडून कुणाला काही माहीत नव्हतं, आणि दोघी बोलणाऱ्यांतल्या नाहीत.

फादरांकडे मी पापनिवेदन केलं. प्रसाद नेण्याची सेवा आणि वाचन दोन्ही सोडलं, कारणही सांगितलं. ते सगळं जाळीआड हळू आवाजात बोलायचं असतं, त्यामुळे जमलं. रोझाबायला हळू सांगता येणार नव्हतं. चिठ्ठी तिला वाचता येत नाही. आता तिला टीबी होता, त्यामुळे कानाशी बसणंही बंद. तिला सांगायचं तर दुरून, अंगणातून, आणि ओरडून. गावठाणात घराला घर लागून आहे. तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललेलं सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

चार दिवस मी तिच्या घरावरून नुसता गेलो. पाचव्या दिवशी सकाळी अंगणात उभा राहिलो. शिंदेबाईंनी तिच्या खिडक्या उघडून घेतल्या होत्या, आणि ती काठी टेकून खिडकीशी आली. ग्रेसी माझ्या मागे फाटकाजवळ उभी होती.

मी ओरडलो, मला छातीचं होतं. “ठाव हाय,” ती म्हणाली. “बरा झालास ना?” मी ओरडलो, तुला माझ्यामुळे झालं. तिने कानामागे हात धरला. मी परत ओरडलो. समोरची खिडकी उघडली, मग वरची. तिसऱ्यांदा ओरडताना माझा आवाज फाटला, तेव्हा वरच्या माळ्यावरून शेजारीण मदतीला आली. “रोझाबाय, तो म्हणतोय त्याच्यामुळे तुला झालं. त्याचा खोकला लागला तुला.” तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे.

रोझाबायने तिला हातानेच थांबवलं.

“पयल्या हाकेलाच कळलं मला,” ती म्हणाली. “मी बहिरी हाय, आंधळी नाय. तुजा रुमाल बघितला मी.”

मग मी विचारलं, तेही ओरडूनच, मग येऊ नको का म्हणाली नाहीस?

“तुज्या खिशात देव होता,” ती म्हणाली. “त्याला दारातून परत पाठवू?”

बाकीच्या खिडक्या उघड्याच होत्या. ती माझा खोकला ओळखून होती, आणि तरी दर रविवारी माझ्यासमोर तोंड उघडत होती. मी माझ्या खोट्याला श्रद्धा म्हणत होतो. श्रद्धा तिची होती, आणि मी तिचाच गैरफायदा घेतला होता. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

ज्यांना तीन आठवड्यांहून जास्त खोकला आहे त्यांनी उद्याच जा. जे चर्चमध्ये, मंदिरात, कुठेही सेवा करतात त्यांनी आधी जा. मेसेज आला की उघडा.

रोझाबायने मला माफ केलं का, असं लोक विचारतात. तो शब्द तिने काढला नाही, मीही मागितला नाही. त्या सकाळी तिने मला एवढंच विचारलं, तू गोळ्या कितीला घेतोस? मी दोन्ही हात वर करून आठ बोटं दाखवली. ती म्हणाली, “मी विसरते रे. गजर मला ऐकू येत नाय. तू हितनं हाक मार.”

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी आठला पाण्याची बाटली आणि गोळ्या घेऊन तिच्या अंगणात जायला लागलो. हाक मारली की ती खिडकीत यायची, आणि आम्ही दोघं एकदमच गिळायचो. गल्लीत लोक त्या हाकेवर घड्याळं लावायला लागले. माझा कोर्स तिच्या आधी पंधरा दिवस संपला. ते पंधरा दिवसही मी रोज गेलो, हाक मारली, आणि तिची गोळी गिळून होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.